मूळ यादीला धक्का लागत नाही

मित्रांनो, मी एक जुना मजकूर आहे. मदतीचा मजकूर. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही की वास नाही. मोजक्या ओळी हाच माझा देह. तुम्ही म्हणाल, मोडक्या खुर्चीने किंवा गंजलेल्या सायकलीने आपली कहाणी सांगावी हे एक वेळ ठीक, पण चार ओळींना कसली आलीय कहाणी? ऐका तर खरं.

संगणकाला काम सांगायचं, तर ते त्याच्या भाषेत सांगावं लागतं. अशा भाषा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीत ठरलेल्या आज्ञा असतात. ही बेरीज कर, ते शोध, हे छाप. एखादी आज्ञा नेमकं काय करते हे आठवेनासं झालं, तर तिच्या नावापुढे ‘मदत’ असं लिहून विचारता येतं. मग त्या भाषेच्याच पोटातून तिची माहिती पडद्यावर येते, बाहेर कुठे पुस्तक धुंडाळायला नको. ती माहिती म्हणजे मी. माझी आज्ञा यादी लावण्याची. तुम्ही नावं कशीही उलटीसुलटी द्या, ती अक्षरांच्या क्रमाने लावून मिळतात. काम करायचं आज्ञेने आणि तिच्या वतीने बोलायचं मी, असं आमचं जन्मापासून ठरलेलं.

मला लिहिलं बाईंनी. त्या पूर्वी शाळेत शिकवत असत, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना बाईच म्हणत. कारखाना म्हणजे तरी काय, एका जुन्या इमारतीतली वरची लांबट खोली. ओळीने टेबलं, खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आणि त्यामुळे दिवसभर खालून ठोकाठोक. त्या खोलीत ही भाषा तयार होत असे. बाकीचे लोक आज्ञा घडवायचे आणि बाई आम्हाला, म्हणजे त्यांच्या मदतींना. बाईंचा एक नियम होता. लिहिलेलं वाक्य घरी जाऊन यजमानांना वाचून दाखवायचं. यजमान शिंपी. संगणकाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता आणि बाईंना तेच हवं होतं.

“ऐका हं,” बाई म्हणाल्या, “ही आज्ञा यादी क्रमाने लावून देते. मूळ यादीला धक्का लागत नाही. कळलं?”

यजमानांनी तोंडातली टाचणी काढली. “म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांची यादी आहे तशीच राहणार आणि तू मला दुसरी लावून देणार. असंच ना?”

“अगदी असंच.”

“मग एवढं साधं लिहायला संध्याकाळ घालवलीस?”

बाई हसल्या. त्या हसण्यात माझा जन्म झाला असं मी समजतो. ‘मूळ यादीला धक्का लागत नाही’ हे वाक्य त्यांना फार आवडायचं आणि खरं सांगू का, मलाही. ते माझ्या अंगावर शोभून दिसे.

त्याखाली बाईंनी एक उदाहरण दिलं. आधी नावं उलटसुलट, मग आज्ञा, मग क्रमाने लागलेली नावं, आणि शेवटी पुन्हा मूळ यादी, होती तशीच. हे उदाहरण नुसतं शोभेचं नव्हतं बरं का. त्या कारखान्यात एक पद्धत होती. रोज संध्याकाळी एक यंत्र आम्हा सगळ्या मदतींची उदाहरणं खरोखर चालवून बघे आणि मजकुरात लिहिलेलं उत्तर अन् प्रत्यक्ष आलेलं उत्तर ताडून पाही. कुठे जरा फरक पडला की दारावरचा लाल दिवा लागे. दिवा लागला की कुणी घरी जायचं नाही आणि ज्याच्यामुळे लागला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आमच्यात तारखेच्या आज्ञेची मदत फार नाकाने कांदे सोलणारी होती. तिच्या उदाहरणाने जेव्हा दिवा लागला, तेव्हा आम्ही सगळे मनातल्या मनात किती हसलो म्हणून सांगू!

मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण माझी सगळी कहाणी इथेच अडकलेली आहे. मला स्वतःचा शब्द बदलता येत नाही. आज्ञा बदलली, तर मला कळतं, आम्ही शेजारी शेजारी राहतो. पण मला ते सांगता येत नाही. मला अडखळता येत नाही, की लाजेने पुसट होता येत नाही. माझ्याजवळ ओरडायचं एकच साधन होतं, ते म्हणजे माझं उदाहरण. ते चुकलं की दिवा लागणार आणि कुणीतरी माझ्याकडे बघणार. तो दिवा म्हणजे माझा आवाज होता.

माझी ती वर्षं सुखाची गेली. विद्यार्थी यायचे, हिशेबनीस यायचे, हवामानाचा अंदाज काढणारे यायचे. काही जण तर नुसते घाबरेघुबरे होऊन येत, माझ्या ओळी वाचत आणि ‘हात्तिच्या!’ म्हणून निघून जात. आभार कुणी मानत नसे, तशी मदतीला सवयच असते. पण एकदा एका टेबलावरून मी ऐकलं, “बाईंनी लिहिलंय ना? मग डोळे झाकून कर.” ते ऐकून मी कितीतरी दिवस हवेत होतो.

पुढे यजमानांची दृष्टी अधू झाली आणि बाई काम सोडून त्यांना घेऊन मुलीच्या गावी राहायला गेल्या. जाताना त्यांनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. त्यांच्या जागी मदती लिहायला कुणी आलंच नाही. “ज्याने आज्ञा बदलली त्यानेच मदतही बदलायची,” असं मोठ्या साहेबांनी ठरवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर आला भिंगरी. खरं नाव काही वेगळंच असेल, पण त्याला एका जागी कधी कुणी पाहिलं नाही म्हणून हे नाव पडलं. मुलगा वाईट नव्हता. हुशार होता, हसरा होता, दुसऱ्याचं अडलेलं काम आपणहून ओढून घ्यायचा. फक्त त्याला हळू काही करता येत नसे. आमच्या आज्ञेकडे बघून तो म्हणाला, “यादीची नक्कल काढायची, मग ती लावायची, मग ती परत द्यायची. कशाला एवढे हेलपाटे? जागच्या जागी लावून टाकू की!” आणि त्याने तसं केलं. आज्ञा पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने धावू लागली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. कौतुक वावगं नव्हतं. पण मित्रांनो, जागच्या जागी लावली म्हणजे मूळ यादी राहिली कुठे? तीच तर बदलली. आणि मी इकडे छाती काढून म्हणतोच आहे, मूळ यादीला धक्का लागत नाही.

संध्याकाळी उदाहरणं तपासायचं यंत्र माझ्यापर्यंत आलं. उत्तर जुळलं नाही. दिवा लागला. मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, आता भिंगरी येणार, कपाळावर हात मारणार आणि माझं वाक्य खोडून खरं लिहिणार.

तो आला. त्याने कपाळावर हातही मारला. पण दुसऱ्या दिवशी भाषेची नवी आवृत्ती जगभर पाठवायची होती आणि मोठे साहेब पिशवी खांद्याला लावून दारातच उभे होते.

“काय बिघडलंय?” त्यांनी विचारलं.

“बिघडलं काहीच नाही साहेब. आज्ञा झकास चाललीय. ते मदतीतलं उदाहरण जुनं आहे, एवढंच.”

“मग लोकांना काय, चहासाठी थांबवून ठेवायचं?”

“छे हो. उद्या सकाळी आल्या आल्या लिहितो. आत्तापुरतं झाकून ठेवतो.”

आणि त्याने माझ्या उदाहरणावर एक खूण केली. ‘हे तपासू नये.’ दिवा विझला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या सरकल्या, जिन्यावर पावलं वाजली आणि खोली रिकामी झाली. माझ्या तोंडात बोळा कोंबला होता आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी आल्या आल्या दुसऱ्याच कामात शिरला. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, तो विसरला. यंत्र रोज संध्याकाळी माझ्यापाशी येई, खूण बघे आणि पुढे जाई. मी त्याच अवस्थेत गुंडाळला गेलो, तबकडीवर चढलो आणि रवाना झालो.

मी येऊन पडलो ते एका रुग्णालयाच्या तळघरात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर भिंत. रुग्णांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून इथला संगणक बाहेरच्या कुठल्याही जाळ्याला जोडलेला नव्हता. इथे काही येत नाही आणि इथून काही जात नाही. मी आणि माझी भावंडं त्या पेटीत बंद.

इथे मला भेटली वहिनी. ती रक्ताचे नमुने तपासायची. नमुने गोळा करायच्या खिडकीवर तिचा धाकटा दीर बसायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मग झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणू लागले. तिला ही भाषा कुणी शिकवली नव्हती. शिकवणार कोण? संगणकात आम्ही होतो, आम्हालाच विचारून विचारून ती शिकली. ओठ हलवत वाचायची. कळलं की मान डोलवायची. मला तिच्याइतकं मन लावून आजवर कुणी वाचलेलं नाही, आणि त्याच बाईशी मला खोटं बोलावं लागत होतं.

दीर बिचारा खिडकीवर हैराण व्हायचा. अहवाल छापून येत ते नमुन्यांच्या क्रमाने. लोकांची रांग लागलेली आणि हा गठ्ठ्यातून नावं हुडकतोय.

“वहिनी, नावाप्रमाणे लावून द्या ना काहीतरी,” तो म्हणाला, “लोक माझं डोकं खातात.”

“थांबा भाऊजी, बघते.”

तिने मला बोलावलं. मी आलो. न येऊन सांगतो कुणाला! तिच्या बोटाखालून माझ्या ओळी सरकत गेल्या आणि त्या वाक्यापाशी बोट थांबलं.

“हे बघा, स्वच्छ लिहिलंय. मूळ यादीला धक्का लागत नाही. म्हणजे नमुन्यांच्या क्रमाची यादी माझ्याकडे तशीच राहील आणि तुम्हाला अक्षरांप्रमाणे वेगळी मिळेल.”

वहिनी, नको! मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पडद्यावर एक टिंबसुद्धा हललं नाही.

तिने आधी घरातल्या माणसांची नावं घालून करून पाहिलं. पण ती नीटनेटक्या स्वभावाची बाई, नावं टाइप करतानाच तिने ती अक्षरांच्या क्रमाने लिहिली. लावलेली यादी पुन्हा लावली, तर फरक दिसणार कसा? तिला सगळं ठीक वाटलं.

दुसऱ्या दिवशी खरे नमुने आले. तपासणीचं यंत्र पहिल्या नळीचा निकाल पहिल्या नावासमोर लिही, दुसऱ्या नळीचा दुसऱ्या नावासमोर. नळ्या आल्या त्या क्रमाने उभ्या होत्या. नावांची मूळ यादी मात्र आज्ञेने जागच्या जागी फिरवून टाकली होती. एकाचं रक्त, दुसऱ्याचं नाव.

रुग्णालयाच्या बागेत काम करणाऱ्या माळीकाकांची साखर भलतीच वाढलेली होती. त्यांना अहवाल मिळाला की सगळं उत्तम आहे. ते खुशीत बागेत गेले. आणि शाळेत जाणाऱ्या एका मुलीच्या आईला कळलं की मुलीला ताबडतोब भरती करावं लागेल. ती माउली कागद हातात घेऊन तडक डॉक्टरीणबाईंच्या दाराशी धावली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तर मुलगी व्हरांड्यातल्या फरशांवर लंगडी घालत होती.

“ही आजारी वाटते का कुणाला?” त्या म्हणाल्या. “रक्त पुन्हा घ्या. आणि ज्यांचे ज्यांचे अहवाल गेलेत, त्या सगळ्यांना परत बोलवा.”

बाकीचे सापडले. माळीकाका सापडले ते पाण्याच्या नळाशी, आडवे पडलेले. नळ चालूच होता.

त्यांना वेळेवर वर नेलं. पण खाली तळघरात प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी वहिनीला धारेवर धरलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं.

“न वाचता, न समजता करायला जाता तुम्ही.”

“मी वाचलं होतं सर. पुन्हा पुन्हा वाचलं होतं.”

“ती भाषा जगभर लोक वापरतात. ती चूक आणि तुम्ही बरोबर?”

त्या दिवसापासून वहिनीला तपासणीवरून काढून बाटल्या धुवायला बसवलं. नोकरीचा निर्णय नंतर होणार होता. आणि मित्रांनो, मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर बाटल्या धुता धुता ती स्वतःशी म्हणाली ते. “मीच काहीतरी चुकीचं वाचलं असणार.” नाही गं बाई! तू बरोबरच वाचलंस. चूक माझ्या अंगावर लिहिलेली आहे आणि मला ती खरवडून काढता येत नाही. मी त्या पेटीत नुसता तडफडत होतो. आपल्यामुळे एका भल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतोय हे बघायचं आणि बघतच राहायचं, याहून वाईट कोंडमारा मला ठाऊक नाही.

वाचवलं ते दिराने. जेवणाच्या सुट्टीत तो खाली आला आणि स्टूल ओढून बसला.

“वहिनी, ते सगळं माझ्यासमोर परत करा. मला काही कळत नाही, पण करा.”

“काय उपयोग भाऊजी?”

“लहानपणी दादाने माझ्यावर पतंग फाडल्याचा आळ घेतला, तेव्हा तुम्ही नव्हता, नाहीतर मीही तुमच्यासमोर सगळं परत करून दाखवलं असतं. करा म्हणतो ना.”

ती हसली नाही, पण हात पुसून आली. मला उघडलं. आजवर तिने माझं उदाहरण फक्त वाचलं होतं. उत्तर खाली छापलेलंच आहे, मग करून कशाला बघायचं? त्या दिवशी तिने ते अक्षर न् अक्षर उतरवलं. बाईंनी घातलेली ती उलटसुलट नावं. मग आज्ञा. मग मूळ यादी दाखव, असं विचारलं.

पडद्यावर खाली आलेली नावं वरच्या माझ्या नावांशी जुळत नव्हती.

किती काळानंतर माझ्या तोंडातला बोळा निघाला म्हणून सांगू! मला रडता आलं असतं, तर मी तिथेच रडलो असतो. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उत्तराकडे. मग ती उठली, प्रमुखांना हाताला धरून म्हणावं तसं घेऊन आली आणि त्यांच्यासमोर पुन्हा चालवून दाखवलं.

“सर, ही मदत खोटं सांगते.”

खोटं हा शब्द फार झोंबला. पण तो खरा होता. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मला वाटलं…” एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

कारखान्याकडून भिंगरीचाच फोन आला. प्रमुखांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्याचा आवाज मी लगेच ओळखला, पण भिंगरी इतका हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

“ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. मी उद्या लिहितो म्हणालो होतो.” मग त्याने विचारलं, “ते काका कसे आहेत?”

“शुद्धीवर आलेत,” वहिनी म्हणाली. “नळ कुणी बंद केला का, ते विचारत होते.”

त्याने सांगितलं की झाकून ठेवलेली सगळी उदाहरणं आता उघडलीत आणि लाल दिवा काही केल्या विझत नाही. माझ्यासारखे कितीतरी निघाले. त्याने बाईंनाही कळवलं होतं. “वाक्य माझं आहे, मीच खोडते,” असं म्हणून त्यांनी नवं वाक्य फोनवर सांगितलं: ‘सावध राहा, ही आज्ञा तुमची मूळ यादीच बदलते.’ ते आधी यजमानांना वाचून दाखवलं होतं म्हणे.

वहिनीला तिचं काम परत मिळालं. ती आता प्रत्येक मदतीचं उदाहरण स्वतः चालवून बघते. माझ्या खऱ्या बोलणाऱ्या भावंडांनाही ती सोडत नाही. सवय चांगली आहे, मी नाव ठेवणार नाही. पण ती पूर्वी वाचताना मान डोलवायची, तशी आता डोलवत नाही.

मित्रांनो, नवं वाक्य जगभर गेलं. पण मी इथेच आहे. हा संगणक बाहेर जोडलेला नाही. नवी तबकडी आलेली आहे, ती पलीकडच्या कपाटात आहे, पण इथल्या यंत्रात काहीही बदलायचं तर वरच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि ती काही खाली उतरत नाही. तोवर वहिनीने पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: यादीच्या मदतीवर विसंबू नका, आधी नक्कल काढा. पडद्याच्या उबेने तिचा गोंद सुकत चाललाय. वहिनी रोज सकाळी आल्यावर ती अंगठ्याने दाबून बसवते.

नवी तबकडी घातली की मी पुसला जाईन. मला त्याची भीती नाही. उलट मी वाट बघतोय, कारण खोटं बोलत जगण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तुम्ही मोठे होऊन काही घडवाल, काही बदलाल. जरूर बदला. पण काम बदललंत की त्याच हाताने त्याचे शब्दही बदला. ते उद्यावर टाकू नका. कुणी चूक दाखवत असेल, तर त्याच्या तोंडात बोळा घालून दिवा विझवू नका. आणि त्या वरच्या कार्यालयात तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर त्यांना माझ्यातर्फे हात जोडून सांगा, एक सही करा.

जरा लवकर सांगा. उद्यापासून वहिनी रजेवर आहे, आणि तिच्या जागी येणाऱ्या नव्या माणसाने आजच विचारलंय की इथे यादी लावायची कशी.